मायग्रेशननंतर बिघडलेली नावं: पुन्हा टाइप करायला बसण्याआधी

केंद्र सरकारनं जून 2022 मध्ये देशातल्या 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली आणि त्यासाठी 2,516 कोटी रुपयांची योजना आखली. जबलपूर जिल्ह्यातल्या कुंडमसारख्या आदिवासीबहुल तहसिलीत शेतकऱ्याचा व्यवहार ज्या सहकारी समित्यांशी असतो, त्यांच्यासाठी याचा अर्थ असा की वर्षानुवर्षं वही, जुना संगणक आणि एखादं स्थानिक सॉफ्टवेअर यांत विखुरलेली सभासदांची नावं आता एका नव्या डेटाबेसमध्ये जाणार. हेच कमीअधिक प्रमाणात शाळा, ग्रंथालयं, न्यास आणि जबलपूर शहरातली मराठी मंडळंही करत आहेत. आणि हे काम हाती घेतलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: जुन्या संगणकावर नावं नीट दिसत होती, नव्यावर प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं दिसतात, तर आता काय करायचं? बहुतेक ठिकाणी उत्तर म्हणून एखाद्या ऑपरेटरला बसवून नावं पुन्हा टाइप करून घेतली जातात. ते उत्तर चुकीचं आहे. यंत्रानं ठराविक नियमानं केलेला बिघाड त्याच नियमानं उलटा फिरवता येतो. हातानं करायची दुरुस्ती शेवटी येते, आणि तीही जे खरोखर पुसलं गेलं आहे त्याच्यापुरतीच. असं का, ते समजण्यापुरतीच तांत्रिक माहिती पुढे दिली आहे.

आधी बिघाडाचा प्रकार ओळखा

पडद्यावर सगळंच विचित्र दिसत असलं तरी त्यामागची कारणं वेगवेगळी असतात आणि उपायही वेगळे. तुमच्या यादीत पुढीलपैकी काय दिसतं ते पाहा:

- रिकाम्या चौकटी (□): बहुधा डेटा शाबूत आहे, त्या संगणकावर देवनागरी फॉन्ट नाही. दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर उघडून बघा. डेटाबेसला हात लावू नका.
- दर दोन-तीन चिन्हांनंतर ¤ किंवा ¥: यूटीएफ-8 मधला (म्हणजे युनिकोड साठवण्याच्या पद्धतीतला) मजकूर कुणीतरी पश्चिम युरोपीय लिपी समजून वाचला आहे. हा बिघाड बहुतेक वेळा पूर्ण दुरुस्त होतो.
- रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी: मजकूर कृतिदेव, शिवाजी, सुरेख किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला आहे. इथे बिघाड झालेलाच नाही, रूपांतर करायचं राहिलं आहे.
- ओळीनं प्रश्नचिन्हं (????) किंवा काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह (�): या तक्त्यातली मूळ अक्षरं बहुधा गेली. बाइट तपासून तसंच निघालं तर जुन्या बॅकअपकडेच वळावं लागेल.
- नाव अर्धवट तुटलेलं: रकान्याची लांबी अपुरी पडली.

दुसऱ्या प्रकाराची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा आणि हलन्त तीन बाइट घेतो. त्यातले पहिले दोन बाइट नेहमी ई0 ए4 किंवा ई0 ए5 असतात, अक्षरागणिक फक्त तिसरा बदलतो. पश्चिम युरोपीय तक्त्यात ए4 म्हणजे ¤ आणि ए5 म्हणजे ¥. म्हणून नाव कुणाचंही असो, बिघडलेल्या देवनागरीत ही दोन चिन्हं पुन्हा पुन्हा डोकावतात.

पडद्यावर विश्वास ठेवू नका, बाइट बघा

पडदा तुम्हाला अर्थ लावून दाखवतो, आणि नेमकी अर्थ लावण्यातच चूक झालेली असते. म्हणून निदान करताना डेटाबेसलाच विचारा की तुझ्याकडे साठवलं काय आहे. मायएसक्यूएलमध्ये साठवलेले बाइट जसेच्या तसे दाखवणारं हेक्स नावाचं फंक्शन आहे, इतर डेटाबेसमध्येही त्याला पर्याय असतात. एकच ओळखीचं नाव घ्या, म्हणजे गावाचंच, आणि त्याचा हेक्स काढा. ‘कुंडम’ निरोगी असेल तर सुरुवात ई0 ए4 95 अशी होईल, कारण तो ‘क’ आहे. दुहेरी एन्कोडिंग झालं असेल, म्हणजे चुकीचं वाचलेलं तसंच पुन्हा यूटीएफ-8 मध्ये साठवलं असेल, तर सुरुवात सी3 ए0 सी2 ए4 अशी दिसेल, आणि तीन बाइटांचा ‘क’ सात बाइटांचा झालेला असेल. 64 71 61 4डी 65 दिसलं, तर तो कृतिदेवमधला ‘कुंडम’ आहे, कारण त्या फॉन्टमध्ये ‘क’ रोमन डीच्या जागी, उकार क्यूच्या, अनुस्वार एच्या, ‘ड’ मोठ्या एमच्या आणि ‘म’ ईच्या जागी बसवला आहे. नुसतं 3एफ 3एफ 3एफ असेल तर ती खरीच प्रश्नचिन्हं आहेत, मागे काही दडलेलं नाही. एवढी एक तपासणी पुढचे कित्येक दिवस वाचवते, आणि ती न करता कोणी दुरुस्तीचा प्रस्ताव मांडत असेल तर त्याला आधी हीच करायला सांगा.

‘धुर्वे’ यांचे ‘धरवे’ कसे होतात

हा मुद्दा कुंडमसारख्या ठिकाणी विशेष महत्त्वाचा आहे, म्हणून थोडा विस्तारानं मांडतो. विंडोज-1252 या पश्चिम युरोपीय तक्त्यात 256 जागा आहेत, पण त्यातल्या पाच रिकाम्या आहेत: 81, 8डी, 8एफ, 90 आणि 9डी. इंग्रजी किंवा फ्रेंच मजकुराला त्याचा काही त्रास नाही. देवनागरीत मात्र ऱ्हस्व उकाराचा आणि चंद्रबिंदूचा शेवटचा बाइट 81 आहे, हलन्ताचा 8डी, ‘ए’चा 8एफ, ‘ऐ’चा 90 आणि ‘झ’चा 9डी. काही साधनं या रिकाम्या जागांवरचे बाइट जसेच्या तसे पुढे नेतात, काही त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतात, काही ते सरळ गाळतात.

परिणाम बघा. एका गावच्या यादीत मरावी, मरकाम आणि धुर्वे ही तीन आडनावं आहेत. मरावी आणि मरकाम यांत वरचं एकही चिन्ह नाही, त्यामुळे उलटं रूपांतर केलं की ती अगदी शुद्ध परत येतात. धुर्वे यांत मात्र उकारही आहे आणि हलन्तही. त्या दोन्हींचे शेवटचे बाइट गळाले आणि नंतर कुणी ‘स्वच्छते’साठी तुटके बाइट पुसून टाकले, की उरतं ‘धरवे’. ‘कुंडम’चं ‘कंडम’ होतं. यादी चाळणाऱ्याला तीनपैकी दोन नावं बरोबर दिसतात आणि तिसरं टायपिंगची चूक वाटतं. ती ऑपरेटरची चूक नाही. बिघाडाचं माप सगळ्या नावांना सारखं लागत नाही, आणि ज्यांच्या आडनावात जोडाक्षर किंवा उकार आहे त्यांनाच ते जास्त लागतं.

‘ठ’ आणि ‘भ’ यांनाही असाच वेगळा धोका आहे. ‘ठ’चा शेवटचा बाइट ए0, जो त्या तक्त्यात न तुटणारी मोकळी जागा आहे, ‘भ’चा एडी, म्हणजे अदृश्य संयोगचिन्ह. बिघडलेला मजकूर एखाद्या ‘जादा स्पेस काढा’ छापाच्या साधनातून गेला, की ठाकूर आणि भलावी यांची पहिली अक्षरं कायमची जातात. त्यामुळे नियम सोपा आहे: निदान पूर्ण होईपर्यंत ट्रिम नाही, क्लीन नाही, फाइंड-रिप्लेस नाही, आणि वर्डमधून कॉपी-पेस्टही नाही.

दुरुस्तीचा क्रम

1. नव्या डेटाबेसमधली नोंदणी थांबवा आणि बिघडलेल्या तक्त्याची जशीच्या तशी प्रत काढा. जुन्या डेटाबेसचा बॅकअपही वेगळ्या डिस्कवर ठेवा. दोन्हींवर तारीख लिहा.
2. जुनी व्यवस्था अजून चालू असेल तर तिथूनच पुन्हा आणा. बिघडलेलं दुरुस्त करण्यापेक्षा न बिघडलेलं नीट आणणं केव्हाही बरं. मायएसक्यूएल 8.0 च्या आधी मूळ ठरावीक कॅरेक्टर सेट लॅटिन-1 (वरच्या पश्चिम युरोपीय तक्त्याचं मायएसक्यूएलमधलं नाव) होता, त्यामुळे कित्येक जुन्या तक्त्यांवर पाटी लॅटिन-1 ची आणि आत बाइट यूटीएफ-8 चे अशी स्थिती असते. अशा तक्त्याचा डंप (निर्यात-फाइल) घेताना लॅटिन-1 सांगूनच घ्या, म्हणजे साधन त्याचं रूपांतर करणार नाही. मग डंपमधली कॅरेक्टर सेटची घोषणा बदलून तो यूटीएफ8एमबी4 म्हणून चढवा.
3. जुनं उपलब्ध नसेल तर उलटं रूपांतर करा: रकाना लॅटिन-1 मध्ये, मग बायनरीत, मग यूटीएफ8एमबी4 मध्ये. मधली बायनरीची पायरी गाळू नका. तिच्यामुळेच डेटाबेस बाइटांना न बदलता फक्त पाटी बदलतो. मायएसक्यूएलचा लॅटिन-1 हा वर सांगितलेले पाच रिकामे बाइट सांभाळून नेतो, म्हणून हे काम शक्यतो डेटाबेसच्या आतच करा.
4. अट घाला. ज्यांच्या हेक्समध्ये सी3ए0सी2ए4 किंवा सी3ए0सी2ए5 आहे त्याच ओळी बदला.
5. आधी प्रतीवर चालवा आणि निवडक नावांवर तपासा: जोडाक्षर, उकार, ठ, भ, झ, ऱ, ळ, ज्ञ यांपैकी काहीतरी असलेली नावं मुद्दाम निवडा. ओळींची संख्या जुळली म्हणजे नावं जुळली असं होत नाही.

चौथ्या पायरीत हातानं टाइप करण्याविरुद्धचा सगळ्यांत मोठा पुरावा आहे. ऑपरेटरनं शे-दोनशे नावं आधीच दुरुस्त केली असतील तर तक्ता मिश्र झाला: काही ओळी निरोगी, काही दुहेरी. आता अट न घालता तिसऱ्या पायरीची आज्ञा चालवली तर निरोगी देवनागरीला लॅटिन-1 मध्ये जागाच नसते, आणि ती सगळी प्रश्नचिन्हं होतात. म्हणजे प्रामाणिकपणे केलेली मेहनत पहिल्याच फटक्यात पुसली जाते.

तुटलेल्या नावांचं गणितही इथेच समजून घ्या. लॅटिन-1 च्या 50 अक्षरांच्या रकान्यात 50 बाइट मावतात. ‘लक्ष्मीबाई’ या नावाचे दहा घटक होतात, म्हणजे 30 बाइट. पुढे एक मोकळी जागा आणि ‘कऱ्हाडे’चे सात घटक म्हणजे 21 बाइट, एकूण 52. शेवटचा एकार दोन बाइटांनी बाहेर राहतो, आणि नाव ‘लक्ष्मीबाई कऱ्हाड’ आणि एक तुटका बाइट असं साठतं. कडक मोड चालू नसेल तर डेटाबेस याबद्दल नुसती सूचना देऊन पुढे जातो. अशी नावं कुठल्याही आज्ञेनं परत येणार नाहीत. लांबी 49 किंवा 50 बाइट भरलेल्या सगळ्या ओळी वेगळ्या काढा आणि कागदावरून पूर्ण करा. एसक्यूएल सर्व्हर वापरत असाल तर देवनागरीचे रकाने एनव्हारचार आहेत ना आणि प्रोग्राममधल्या मजकुराआधी एन लावला आहे ना, हे बघा. तो नसला तर प्रश्नचिन्हंच साठतात.

एक्सेलनं बिघडवू नका, जुन्या फॉन्टला घाई करू नका

कित्येकदा डेटाबेस निर्दोष असतो आणि सीएसव्ही फाइलवर डबल-क्लिक केल्यानं नावं बिघडलेली ‘दिसतात’. नुसतं पाहून बंद केलंत तर काही बिघडत नाही, सेव्ह केलंत तर बिघडतं. फाइल डेटा मेन्यूतून आयात करा, एन्कोडिंगमध्ये 65001 युनिकोड (यूटीएफ-8) निवडा, आणि परत जतन करताना सीएसव्ही यूटीएफ-8 हाच प्रकार घ्या. साध्या सीएसव्ही प्रकारात जतन केलेली देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन बसते.

कृतिदेवचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं सहज मिळतात, पण तीन गोष्टी तपासा. पहिलं, कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर साठते. रफार तिथे अक्षरानंतर येतो, इथे आधी. साधनानं ही अदलाबदल अर्धवट केली की वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर (◌) लटकलेली दिसते, किंवा रफार शेजारच्या अक्षरावर जातो. दुसरं, एकाच रकान्यात काही नावं खरोखर इंग्रजीत असतील तर सरसकट रूपांतरानं त्यांचा चुराडा होतो. ती आधी वेगळी काढा. तिसरं, वेगवेगळ्या जुन्या फॉन्टांचे तक्ते वेगळे. नागपूरहून आलेली सुरेखमधली यादी कृतिदेवच्या साधनात घालू नका.

‘एवढीशी नावं, टाइप करून टाकू’

हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण कुंडमसारख्या ठिकाणी तांत्रिक माणूस सहज मिळत नाही आणि ऑपरेटर हाताशी असतो. यादी खरोखर छोटी असेल, मूळ कागद समोर असेल आणि दुसरी व्यक्ती प्रत्येक नाव पडताळणार असेल तर टाइप करा, हरकत नाही. पण बहुतेक वेळा समोर कागद नसतो, बिघडलेला पडदा असतो. ऑपरेटर ‘धरवे’ पाहतो आणि त्याला जे माहीत आहे ते लिहितो. त्या क्षणी पुराव्याची जागा अंदाजानं घेतली, आणि नंतर कुणालाही सांगता येत नाही की कोणतं नाव मूळचं आणि कोणतं अंदाजाचं. कर्जखातं, पीकविमा, खतवाटप यांच्या नोंदी जुळवताना याचा भुर्दंड ऑपरेटरला नाही, सभासदाला पडतो.

‘एआयला विचारून नावं पूर्ण करून घेऊ’ हा याचाच नवा अवतार. तेही अंदाजच बांधतं, फक्त जास्त आत्मविश्वासानं. शिवाय सभासदांची यादी परवानगीशिवाय बाहेरच्या सेवेला देणं हा वेगळा दोष. ‘मग सगळं रोमनमध्येच ठेवू’ असंही काही जण सुचवतात. पण खसरा आणि खतौनी या जमिनीच्या नोंदी देवनागरीत असतात, त्यांच्याशी जुळवायचं नाव रोमनमध्ये नेलं की एकाच माणसाची तीन स्पेलिंगं होतात आणि काळे कोण, काले कोण हे कळत नाही. नावं जुळवायची असतील तर नावावर विसंबूच नका: मध्य प्रदेशात सरकारच्या समग्र योजनेत नोंदलेल्या प्रत्येक व्यक्तीचा नऊ अंकी आणि तिच्या कुटुंबाचा आठ अंकी क्रमांक असतो. 0 ते 9 या रूपात लिहिलेले अंक अशा एन्कोडिंगच्या गोंधळात बिघडत नाहीत. जुन्या आणि नव्या तक्त्याची सांगड त्या क्रमांकावर किंवा खाते क्रमांकावर घाला.

ळ आणि ऱ: दोष कुणाचा?

जबलपूरच्या मराठी कुटुंबांना एक प्रश्न नेहमी पडतो: मायग्रेशननंतर ‘काळे’चं ‘काले’ झालं का? उत्तर बाइटांत आहे. ‘ल’ म्हणजे ई0 ए4 बी2 आणि ‘ळ’ म्हणजे ई0 ए4 बी3. दोन्ही निरोगी अक्षरं आहेत, आणि एन्कोडिंगचा कोणताही ठराविक गोंधळ बाकी नाव शाबूत ठेवून एकट्या ‘ळ’चा ‘ल’ करत नाही. तेव्हा हा बदल नोंद करतानाच हिंदीच्या सवयीनं झाला असणार, आणि तो कागद दाखवूनच दुरुस्त करावा लागेल. ‘ऱ’ची गोष्ट निराळी. कऱ्हाडे, पऱ्हाड यांसारखी नावं काही जुन्या कीबोर्डांनी ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी साठवली आहेत. ‘अदृश्य चिन्हं काढा’ म्हटलं की ते जोडचिन्ह जातं आणि नाव रफाराचं होऊन बसतं. हा दोष मायग्रेशनचाच, आणि जुन्या बॅकअपवरून तो उलटवता येतो. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं; त्याआधीच्या नोंदींत ‘अ’वर चंद्र दिलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखी, शोधाला वेगळी. मायग्रेशनच्या वेळी एकच रूप ठरवून घ्या.

ज्यांचं नाव बिघडलं त्यांनी काय मागावं

तुम्ही यादी सांभाळणारे नसून यादीत असलेले असाल, तर हे लक्षात ठेवा. तुम्ही नाव बदललेलं नाही. त्यामुळे नावबदलाची राजपत्रातली जाहिरात किंवा शपथपत्र कुणी मागितलं, तर जुनी पावती वा पासबुक दाखवून लेखी कळवा की ही संस्थेच्या नोंदीतली दुरुस्ती आहे, नावबदल नाही.

- संस्थेकडे लेखी अर्ज द्या, सोबत बिघाडापूर्वीचा एक कागद जोडा आणि पोच घ्या.
- जमिनीच्या नोंदीत चूक असेल तर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता 1959 च्या कलम 115 खाली दुरुस्ती मागता येते. महाराष्ट्रातही जमीन असलेल्यांसाठी तिथल्या जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 155 लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचं आहे.
- सरकारी कार्यालयाकडची जुनी नोंद हवी असेल तर माहितीच्या अधिकाराखाली (2005) प्रमाणित प्रत मागा.
- दाद मिळत नसेल तर मध्य प्रदेशात 181 या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.
- डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क कलम 12 मध्ये दिला आहे. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत.

आणि संस्थाचालकांनी सॉफ्टवेअर पुरवठादाराशी करार करतानाच तीन अटी लिहून घ्याव्यात: डेटा यूटीएफ-8 मध्येच सुपूर्द होईल, वर सांगितलेल्या कठीण अक्षरांच्या नावांची चाचणी तुमच्या माणसासमोर होईल, आणि सभासदांनी आपापली छापील नोंद पाहून सही करेपर्यंत जुना सर्व्हर पुसला जाणार नाही. शेवटचा हप्ता या तिसऱ्या अटीनंतरच द्या.